डाव्या बाजूची सीट

आमच्या धसईच्या मामांनी स्वस्तातल्या स्पोर्ट्स कारचा जेवढा विचार केला, तेवढा मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांत मिळून कोणी केला नसेल, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. एरवी छातीठोकपणे सांगाव्यात अशा गोष्टी माझ्याकडे फारशा नाहीत. मामांची धसईच्या बाजाराच्या कडेला भाताची गिरणी होती. दिवसभर कोंडा उडून त्यांच्या भुवया, कानांवरचे केस आणि बनियनचे खांदे पांढरे झालेले असायचे. त्या अवतारात, अत्यंत गंभीर चेहऱ्याने, पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून ते पोतं घेऊन आलेल्या माणसाला विचारायचे की बाबा, कमी पैशात जास्त मजा देणारी शर्यतीची मोटार कोणती, तुझं काय मत? हा एकोणीसशे नव्वदनंतरचा काळ. नव्या नव्या गाड्या बाजारात यायला लागल्या होत्या, पण धसईत चार चाकं म्हणजे एसटी, भाजीचे टेम्पो आणि लग्नसराईत मुरबाडहून भाड्याने येणारी एखादी पांढरी गाडी. त्यामुळे विचारलेल्या माणसाला मत नसायचंच. मग मामा त्याला आपलं मत द्यायचे. भात भरडून होईपर्यंत त्याला कुठे जाताही येत नसे. तांदूळ, कोंडा आणि मत अशा तीन गोष्टी घेऊन तो माणूस घरी जायचा.

मी तेव्हा मुरबाडच्या कॉलेजात जात होतो. आमचं गाव किन्हवलीजवळ. तिथून रोज येणं-जाणं जमेना म्हणून मी मामांकडे राहायला आलो होतो. आमच्या घरात कॉलेजचं दार पाहिलेला मी पहिलाच, आणि मामांची अशी समजूत होती की कॉलेजात जाणाऱ्याला इंग्रजी येतं. येत नाही असं सांगायचा मला धीर झाला नाही. वाशिंदला स्टेशनाजवळ एक रद्दीवाला होता, त्याच्याकडून मामा मोटारींची जुनी इंग्रजी मासिकं किलोवर आणायचे आणि रात्री जेवणं झाली की माझ्यापुढे ठेवायचे. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायचो. गाडी वळणावर अंग टाकते, असा काहीसा एका वाक्याचा अर्थ मी लावला, तर मामांनी लगेच ती गाडी बाद केली. म्हणाले, अंग टाकते तर ती म्हस हाय, तिला तळ्यात बसव. दुसऱ्या एका गाडीबद्दल लिहिलं होतं की ती शून्यापासून शंभराचा वेग अमुक इतक्या सेकंदांत गाठते. त्यावर मामा शांतपणे म्हणाले, "शंभर कोनाला पायजे रे? आपल्याकडं जरा वेग घेतला की कोनाची तरी शेळी आडवी येते. ती सुटते कशी, तेवढं बघ. सुटन्यातच सगळी मजा हाय."

हे शब्द मासिकातले नव्हते, शर्यतीच्या बैलांचे होते. मामा पूर्वी बैलगाडीच्या शर्यतीत उतरायचे. त्यामुळे मोटारीबद्दलही ते दम, चाल, तोंड, वळण अशाच भाषेत बोलायचे. स्टिअरिंग जड असलं तर गाडी तोंडाची जड. ब्रेक उशिरा लागला तर ती कासऱ्याला ऐकत नाही. कंपनीने दिलेलं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. कंपनीचं नाव म्हणजे आडनाव, ते काय दहा हजार गाड्यांना असतं, असं ते म्हणायचे. म्हणून मनात भरलेल्या गाडीला ते स्वतः नाव ठेवायचे, बैलाला ठेवतात तसं. शेवटी शेवटी त्यांच्या हिशेबात तीनच गाड्या उरल्या होत्या. एक होती आखूड, उघडी, जीपसारखी पेट्रोल गाडी. तिचं नाव खोंड, कारण दम भरपूर पण कुठे जायचं ते ती स्वतः ठरवायची. दुसरी दिसायला साधी, घरगुती, पाच माणसांची छोटी गाडी, पण तिच्यात कंपनीने तिच्या अंगाला शोभणार नाही एवढं मोठं इंजिन बसवलेलं. तिचं नाव भिंगऱ्या. आणि तिसरा पाखऱ्या. ही खरीखुरी स्पोर्ट्स कार, दोनच माणसांची, कापडी टपाची, जमिनीला चिकटून पळणारी, आणि तरीही परदेशी गाड्यांच्या मानाने पुष्कळच स्वस्त. पाखऱ्याचा लाल रंगातला फोटो गिरणीत स्विचबोर्डाच्या वर लावलेला होता. त्याच्यावरचा कोंडा मामा रोज सकाळी फुंकून काढायचे आणि मगच गिरणी चालू करायचे.

आता हे सगळं कोणासाठी चाललं होतं ते सांगायला हवं. घरात ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्यावर कोणी बोलत नसे. मामींचं माहेर आमच्याच गावचं. मामींचा भाऊ आणि मामा यांची शर्यतीत जोडी होती. गाडीला एक बैल मामांचा आणि एक बैल त्यांच्या या मेव्हण्याचा. मेव्हणा गाडीवर बसून कासरे धरायचा आणि मामा समोर उभे राहून दोन्ही बैलांना आवरून धरायचे. बैलांना सुरुवातीला धरून ठेवणं हे फार जोखमीचं काम असतं. गाडीवरच्या माणसाने बैठक नीट घेतली, पाय रोवले, की तो म्हणतो, सोड. मग समोरच्याने बैल सोडून बाजूला उडी मारायची. मेव्हणा एरवी मामांना भावोजी म्हणायचा, कधी एकेरीत हाक मारायचा नाही, पण त्या एका क्षणाला मात्र 'सोड' म्हणायचा. आणि तेवढंच म्हणायचा. मी आठवीत असताना एका शर्यतीत मामांना राहवलं नाही. बाजूची गाडी सुटतेय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी मेव्हण्याच्या शब्दाची वाट न पाहता बैल सोडले. मेव्हण्याचा डावा पाय अजून रोवलेला नव्हता. गाडी उधळली, तो खाली आला आणि चाक गुडघ्यावरून गेलं. हाड जुळलं, पण गुडघा पुन्हा वाकला नाही. पाय काठीसारखा सरळ राहिला.

मामांनी त्याच महिन्यात आपला बैल विकला. ते पैसे पोस्टात ठेवले आणि सांगितलं की यातून घरात मिठाचा खडासुद्धा यायचा नाही, बैलाच्या पैशाची पळणारीच वस्तू यायची. मेव्हण्याने त्यानंतर बहिणीच्या घरी पाऊल टाकलं नाही आणि मामाही सासुरवाडीला गेले नाहीत. भाऊबीजेला मामी एकट्याच सरळगावला एसटी बदलून माहेरी जायच्या, आणि आल्यावर मामा त्यांना काहीच विचारायचे नाहीत. फक्त त्या दिवशी जेवताना ते फार सावकाश जेवायचे. मामी काही सांगतील म्हणून वाट बघायचे, असं मला वाटतं. मामीही हट्टाने भाताबद्दल आणि एसटीच्या गर्दीबद्दल बोलत राहायच्या. मग कधी तरी मामांनी ठरवलं की त्या पैशांची शर्यतीची मोटार घ्यायची, तिच्यात डाव्या बाजूला मेव्हण्याला बसवायचं आणि किन्हवलीपासून सरळगावपर्यंतचा रस्ता एकदा पळवायचा. पन्नाशीला आलेला आणि मोटार चालवता न येणारा माणूस हे ठरवत होता. माझी मोठी मामेभावंडं म्हणत की टेम्पो घ्या, गिरणीला उपयोग होईल. जीप घ्या, मुरबाडच्या फेऱ्या मारता येतील. मामा ऐकून घेत आणि म्हणत, हां, टेम्पो चांगलाच हाय. आणि पुन्हा मासिक उघडत.

मामींनी एकदाच तोंड उघडलं. मी त्या वेळी डिक्शनरीत कुठला तरी शब्द शोधत होतो. त्या चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "माझ्या भावाचा गुडगा तुमच्या गाडीनं वाकनार हाय का?"

मामांनी मासिक मिटलं. "वाकायला नको गो," ते म्हणाले. "वाकल्याबिगर बसता आलं पायजे."

हीच त्यांची सगळी परीक्षा होती, आणि हीच सगळी पंचाईत. गाडी जितकी शर्यतीची, तितकी तिची सीट जमिनीला टेकलेली आणि पाय ठेवायची जागा तितकी कमी. मजा वाढली की गुडघा आडवा यायचा, आणि गुडघ्याची सोय बघावी तर मजा जायची. मासिकातले लेखक इंजिन, टायर आणि किंमत यांची तुलना करत, पण डाव्या सीटवर न वाकणारा पाय घेऊन कसं बसायचं हे एकानेही लिहिलेलं नव्हतं. मामा दर मासिकानंतर विचारायचे, सीटबद्दल काय बोललाय का? मी म्हणायचो, नाही. ते म्हणायचे, मग यानं गाडी चालवली नाय, नुसती धुतली असंल.

म्हणून मामांनी स्वतःच तपासायचं ठरवलं. रविवारी मुंबईकडची हौशी माणसं माळशेज घाटाकडे जाताना सरळगावच्या नाक्यावर चहाला थांबत. मामा धुतलेला सदरा घालून सकाळपासून तिथल्या बाकड्यावर बसायचे आणि मला सोबत न्यायचे, कारण तिथेही इंग्रजी लागेल अशी त्यांना शंका होती. मनाजोगती गाडी आली की ते आधी तिच्याभोवती एक फेरी घालत. समोरून, मागून, मग खाली वाकून चाकांकडे बघत, पत्र्यावरचे पोचे बैलाच्या अंगावरचे भोवरे बघावेत तसे बोटाने तपासत. मग मालकाला हात जोडून म्हणत, शेट, जरा बसून बघू का? मालक कौतुकाने उजवीकडचं दार उघडायचा. मामा म्हणायचे, तिकडून नको, डावीकडून. आणि मग डावा पाय अजिबात न वाकवता, लाकडी बाहुल्यासारखे, ते आत शिरायचा प्रयत्न करायचे. कधी डोकं टपाला आपटायचं, कधी पाय दारात अडकायचा, कधी पाय आत गेला तर अंग बाहेर राहायचं. चहावाल्याकडची माणसं हसायची. एका तरुण मालकाने आपल्या मित्राला हळूच विचारलं की यांच्या पायाला काय झालंय. मी सांगणार होतो, पण मामाच अडकल्या जागेवरून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "माझ्या नाय, पावन्यांच्या." त्या माणसाने आजूबाजूला पाव्हणे शोधले. कुणीच दिसलं नाही, तेव्हा त्याने घाईघाईने चहाचे पैसे दिले.

गाडी चालवायला मामा भाजीच्या टेम्पोवर शिकले. ते वाईट चालवत नव्हते, पण त्यांची एक सवय सगळ्यांना वेड लावायची. इंजिन सुरू करायचं, गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा आणि डावीकडे बसलेल्या माणसाकडे बघत राहायचं. तो माणूस 'चला' म्हणाल्याशिवाय ते पाय उचलायचे नाहीत. टेम्पोवाला दोन दिवसांत कंटाळला. लायसन्सच्या परीक्षेला मी बाजूला उभा होतो. साहेब डावीकडे बसले आणि कागदावर काही लिहीत म्हणाले, घ्या. मामांनी विचारलं, नीट बसलात ना? साहेबांनी वर बघितलं. बसलो. पाय नीट ठिवलाव? ठेवला. दोनी? साहेबांनी खरोखर खाली वाकून आपल्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, दोन्ही. मग बोला, मामा म्हणाले. काय बोलू? निघा म्हना. साहेबांनी पेन खिशाला लावलं आणि जरा वेळाने, लग्नात मंत्र म्हणायला सांगितलेल्या नवऱ्यासारखं, निघा असं म्हटलं. मामा पास झाले. उतरताना साहेब मला म्हणाले की इतका काळजी घेणारा माणूस रस्त्यावर असणं चांगलं, पण याच्या मागे माझी गाडी नसावी.

आणि मग तो कल्याणचा दिवस आला. मुरबाड रोडला जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडे पाखऱ्या आणि भिंगऱ्या दोन्ही उभे आहेत अशी बातमी आली होती. पाखऱ्या फोटोतल्यासारखाच लाल होता. विकणारा तरुण होता आणि चांगला होता. त्याने मामांना मागच्या रिकाम्या रस्त्यावर पाखऱ्या चालवू दिला. मी डावीकडे बसलो आणि चला म्हणालो. ती गाडी अशी सुटली की माझी पाठ सीटला चिकटली. मामांच्या चेहऱ्याकडे बघितलं तर ते हसत होते. मोटारीच्या बाबतीत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होतो, आणि मला ते बघून उगाच अवघडल्यासारखं झालं. परत आल्यावर ते उतरले, डावीकडे आले, आणि पाय सरळ ठेवून बसायला गेले. पाखऱ्याची सीट इतकी खाली होती की ते अर्ध्यातच अडकले, आणि मी आणि त्या तरुणाने काखेत हात घालून त्यांना बाहेर काढावं लागलं. कपडे झटकून ते पाखऱ्याच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मला म्हणाले, "मजा हिच्यातच हाय रे. पन एकट्याची हाय."

तरी त्यांचा निर्णय झालेला नव्हता. पाखऱ्याची सीट वर उचलून घेता येईल का, हे त्यांच्या मनात चाललं होतं. भिंगऱ्याही त्यांनी चालवून पाहिला. तो सुटायला चांगला होता, फक्त दिसायला अगदीच गरीब. त्याची किंमत काय सांगतो ते नुसतं बघावं, म्हणून मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, विकणाऱ्या तरुणाच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं दाबली. म्हसा गावच्या जत्रेत बैलाचा सौदा असाच होतो. आकडा तोंडाने बोलायचा नाही, आजूबाजूच्यांना कळू द्यायचा नाही, तो बोटांनी सांगायचा. मामांनी सुरुवात करायची म्हणून मुद्दाम फारच कमी आकडा दाबला होता. समोरच्याने बोटं झिडकारायची, वर चढवायची, मग आपण उतरवायची, असा तासभर चालणारा तो प्रकार. त्या तरुणाला यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाने प्रेमाने हात धरला असं समजून त्याने टॉवेलाखाली मामांचा पंजा दोन्ही हातांनी घट्ट दाबला आणि वर मान डोलावून छान हसला.

मामा पांढरेच पडले. पंजा दाबून मान डोलावली म्हणजे सौदा पक्का. त्यांनी मला बाजूला घेतलं. पहिल्याच आकड्याला हो म्हणतो म्हणजे जनावरात खोट असणार, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हणालो, मामा, त्याला कळलेलंच नाही, आपण सांगू या. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी गप्प झालो. पाखऱ्या तिकडे उन्हात उभा होता. मामांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि परत जाऊन तरुणाला म्हणाले, झालं तर मग, भिंगऱ्या आमचा. भिंगऱ्या म्हणजे कोण हे समजावण्यात थोडा वेळ गेला, आणि आकडा तोंडाने सांगितल्यावर तो तरुण उडालाच. एवढ्यात गाडी नाही, चार चाकं मिळतील, असं तो म्हणाला. मामा चिडले नाहीत. ते तिथल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि म्हणाले, तुमी हात दिलाव. मलाबी ही नको होती, पन आता मी दुसरी घेतली तर मी हात देऊन सौदा मोडला असं होईल. दुपारपर्यंत ते तसेच बसून राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना तो तरुण आधी हसत, मग जरा कुरकुरत ही हकिकत सांगत होता. शेवटी त्याचाच आवाज खाली आला. भिंगऱ्या पुष्कळ दिवस उभाच होता, टपाचा रंगही उडाला होता. त्याने आकडा थोडा वाढवून मागितला. मामांनी वाढीव पैसे दिले, पण ते टॉवेलाचे नव्हेत, चहाचे आणि खुर्चीचे म्हणून दिले. पाखऱ्याच्या बाजूने आम्ही बाहेर पडलो तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर त्या गाडीचं मामांनी जे केलं, त्याने गाव पुन्हा बुचकळ्यात पडलं. त्यांनी मुरबाडला एका वेल्डिंगवाल्याकडून तिची मागची सीट पूर्ण काढून घेतली आणि डाव्या सीटखालचे रूळ वाढवून ती सीट पार मागे सरकवली, अगदी मागच्या दारापाशी. आता डाव्या माणसाला आधी मागच्या दारातून टेकायचं आणि मग पाय उचलून, दोन दारांमधल्या खांबाच्या आतून पुढे घ्यायचा, असं काहीसं करावं लागे. पण पाय संपूर्ण सरळ राहत होता. मामा स्वतः लाकडी बाहुल्यासारखे आत गेले, बसले, बाहेर आले, पुन्हा बसले. काढलेली मागची सीट त्यांनी गिरणीत गिऱ्हाइकांना बसायला ठेवली. मामी म्हणाल्या, पाच मान्सांची गाडी घेतली आनि तीन मान्सं गिरनीत बसवली. मामा म्हणाले, आता दोघांचीच झाली ना? मग झाली स्पोर्ट्स कार. स्विचबोर्डावरचा फोटो मात्र त्यांनी काढला नाही.

दसऱ्याला आम्ही निघालो. झेंडूची माळ लावलेला भिंगऱ्या, उजवीकडे मामा, डावी सीट रिकामी, आणि मी मागे पोत्यावर. सरळगाव ओलांडून किन्हवलीकडे वळलो तसा मामांनी वेग कमी केला. आमच्या गावात मेव्हण्याच्या अंगणापुढे त्यांनी गाडी थांबवली, पण ते उतरले नाहीत. इंजिनही बंद केलं नाही. हात लांब करून फक्त डावीकडची दोन्ही दारं उघडली आणि समोर बघत बसले. मीही उतरलो नाही.

मेव्हणा काठी टेकत ओटीवर आला. शेजारच्या बायका अंगणात येऊन उभ्या राहिल्या. त्याने बराच वेळ गाडीकडे, उघड्या दारांकडे, त्या मागे सरकवलेल्या सीटकडे बघितलं. मग सावकाश गाडीपाशी आला आणि म्हणाला, "भावोजी, मागची सीट कुठं गेली?"

"गिरनीत हाय," मामा म्हणाले.

त्याने काठी माझ्याकडे दिली. आधी टेकला, मग पाय उचलून आत घेतला. पाय कुठेही न अडकता पुढे गेला आणि सरळ राहिला. त्याने दारं ओढून घेतली. मामांनी गिअर टाकला, क्लच दाबला, आणि सवयीप्रमाणे थांबले. या वेळी मात्र त्यांनी डावीकडे बघितलं नाही.

मेव्हणाही समोरच बघत होता. "मी रागानं येत नव्हतो असं वाटलं का तुमाला?" तो म्हणाला. "मी समोर आलो का तुमी माझ्या पायाकडं बघत ऱ्हाता. पाय माझा, आनि तोंड तुमचं उतरलेलं. ते मला बघवत नाय."

"आता नाय बघनार," मामा म्हणाले. "आता रस्त्याकडं बघायचं हाय."

इंजिन तसंच घरघरत राहिलं. मामांनी क्लच दाबूनच धरला होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो की चला म्हणा, निघा म्हणा, काहीही म्हणा. मेव्हण्याने सीटवर बैठक सारखी केली. उजवा पाय रोवला, डावा होता तिथे नीट ठेवला. दोन्ही हात पुढे आले आणि कासरे धरल्यासारखे थांबले.

"सोड," तो म्हणाला.

भिंगऱ्या सुटला. मी पोत्यासकट मागच्या काचेवर जाऊन आपटलो. पिवळ्या भाताच्या मधून जाणारा तो सरळ रस्ता मामांनी कसा पळवला ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी बहुतेक वेळ आडवाच होतो. एवढं आठवतं, वळण आलं की मेव्हण्याचे हात हवेत त्या बाजूला ओढले जायचे आणि गाडी त्याच क्षणी वळायची. सरळगावला चहा झाला. तिथून परत आमच्या गावी न जाता गाडी धसईला गेली. मामींनी दारात बघितलं आणि पाणी आणायला आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

पुढची काही वर्षं दर दसऱ्याला हा कार्यक्रम झाला. मग मामींचा भाऊ आजारी पडला आणि गेला. मी आता शहापूरला नोकरी करतो, धसईला जाणं वर्षातून एक-दोनदा होतं. मामांना हल्ली नीट दिसत नाही. गिरणी मामेभाऊ बघतो, आणि भिंगऱ्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा असतो. डावी सीट तेवढीच मागे आहे, ती कोणी पुढे घेतलेली नाही. मी गेलो की मामा ताडपत्री काढतात. बॅटरी मरू नये म्हणून इंजिन सुरू करायचं असतं. ते उजवीकडे बसतात आणि मला डावीकडे बसवतात. मी पाय पसरून बसतो, तिथे दुसऱ्या कशाही प्रकारे बसताच येत नाही. मामा चावी फिरवतात, गिअर टाकतात, क्लच दाबतात आणि समोरच्या भिंतीकडे बघत थांबतात.

त्यांना कोणता शब्द हवा आहे ते मला माहीत आहे. पण तो मी उच्चारावा असं मला कधी वाटलं नाही. मी आपला हळूच म्हणतो, चला मामा. ते जरा वेळ तसेच थांबतात, मान हलवतात, आणि इंजिन बंद करतात.